वहिनीच्या डब्यातली भाकर

धुळे, रविवार संध्याकाळ, १९८८

जुन्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या मंडळीतून फुटून आज आम्ही नवी मंडळी स्थापली. आमचं म्हणणं, शास्त्राचा शब्द न् शब्द खरा मानायचा; वाद एवढाच. थोरले भाऊ नाना मात्र तिकडेच, चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळात राहिले. वाद पेटला तेव्हापासून आमचा अबोला.

कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये सतरंज्या अंथरल्या, पेटी आणली, आणि प्रभुभोजनात मोडून सगळ्यांना वाटायची भाकर कुणी करायची हेच ठरवायला विसरलो! इतकी वर्षं नानांची बायको, आमची वहिनीच करायची ना. पाळकसाहेब बेकरीतून पाव मागवणार, तोच वहिनी डबा घेऊन दारात. भाकर अजून गरम.

"पीठ एकच मळेल शे, भाऊ. त्याच्याच दोन भाकरी. एक त्यासनी, एक तुमनी."

"नानांना माहीत आहे?"

"डबा त्यासनीच बांधी दिन्हा."

पाळकांनी मोडली तेव्हाही भाकर कोमट होती. फुटलो म्हणे आम्ही!