आमची पाळतविरोधी चळवळ

३ जून, सोमवार

बिल्डिंगच्या दाराला चेहरा ओळखणारं मशीन बसणार. सेक्रेटरीने लिफ्टमध्ये नोटीस लावलीय. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा फोटो, वेळेसकट, कुठल्याशा कंपनीकडे जमा होणार. महिनाअखेरीस मीटिंग, तिथे मतदान.

जेवताना कन्या भडकली. म्हणाली, मी कधी बाहेर पडते नि कधी परत येते, हे त्या कंपनीला कशाला हवं? मुद्दा मला पटला. खरं तर मलाच आधी सुचला होता, बोलली ती आधी इतकंच.

ठराव: चळवळ उभारायची. नेतृत्व अर्थात माझं. वीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवतोय. नजर म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये.

४ जून

सुरुवात स्वतःपासून. बोटाने आणि चेहऱ्याने फोन उघडणं आजपासून बंद. फक्त पासवर्ड, तोही दर सोमवारी नवा. लिहून ठेवलेला पासवर्ड हा पासवर्डच नव्हे, त्यामुळे या वहीतसुद्धा लिहिणार नाही. दुकानातल्या कॉम्प्युटरचाही बदलला.

दुपारी. दुकानातला आठवेना. गिऱ्हाइकं खोळंबली. एका बाईंना सांगितलं, तुमच्या डोळ्यांचा नंबर ही तुमची खासगी बाब आहे, म्हणून मी तो बघत नाही. त्या समोरच्या दुकानात गेल्या. जागृतीला वेळ लागतोच.

६ जून

पोस्टर झकास झालं. 'तुमचा चेहरा, तुमचा हक्क!' आमच्या मजल्यावर, लिफ्टशेजारी चिकटवलं. खाली संपर्कासाठी मोबाइल नंबर हवा होता. स्वतःचा नंबर असा चव्हाट्यावर टाकणं तत्त्वात बसेना. बायकोचा टाकला.

९ जून, रविवार

चळवळीची पहिली बैठक, आमच्या हॉलमध्ये. उपस्थिती: मी, कन्या आणि तळमजल्यावरच्या बाई. बाई गणित शिकवायच्या, आता रिटायर झाल्यात. आल्या होत्या चष्म्याचा स्क्रू बसवून घ्यायला, पण बसल्या.

कन्या बरी बोलली. कोणाची माहिती, कोणाकडे, किती दिवस, असं सगळं साध्या भाषेत. बाईंनी दोन-तीन खोचक प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, माझं मत तुला गं. मी अधूनमधून मार्गदर्शन करत होतो. त्यावर कन्या सारखी 'बाबा, एक मिनिट' म्हणत होती. पहिलीच वेळ, घाबरली असेल बिचारी.

स्क्रू राहूनच गेला.

१२ जून

पोस्टर गायब! काल दुसरं लावलं, आज तेही गायब. हा सेक्रेटरीचाच हात. माणूस गोड बोलतो तेव्हाच मला संशय आला होता.

बायकोला सांगितलं. ती फोनवर कोणालातरी झापत होती, लक्ष दिलं नाही. हल्ली तिला फार फोन येतात. विचारलं नाही. प्रत्येकाला आपलं खासगी आयुष्य असतं.

संध्याकाळी. उपाय सापडला. फ्रेमच्या कपाटावर लावलेला दुकानातला छोटा कॅमेरा आणून जिन्यातल्या कुंडीत, पानांच्या मागे बसवला. तिसरं पोस्टर लावलं, ते बरोबर समोर येतं. आवाजही टिपतो. कोणालाही सांगितलेलं नाही. आता याला कोणी पाळत म्हणेल. पण पाळत दुसरे लोक ठेवतात. हा पुरावा.

१४ जून

दिवसभर दुकानात पुरावा तपासला. चोर नाही सापडला, माहिती मात्र भरपूर. वरच्या मजल्यावरचा डेंटिस्ट जिन्यात लपून चॉकलेट खातो. समोरच्या घरातल्या सासू-सून आत कडाकडा भांडतात आणि जिन्यात येऊन दोघी मिळून सेक्रेटरीची नक्कल करतात. सुनेची जास्त चांगली आहे. दोनदा पाहिली.

मग कन्या आली. पायरीवर बसून मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. तिला नोकरी लागलीय. दुसऱ्या शहरात! पत्र हातात पडलं की घरी स्वतः सांगणार आहे. म्हणाली, बाबांना मला नीट समोर बसवून सांगायचंय, नाहीतर ते उगाच हळवे होतात.

मी मुळीच हळवा होत नाही. डोळ्यांत पाणी आलं ते स्क्रीनकडे फार वेळ बघितल्यामुळे.

ठराव: गप्प बसायचं. तिची बातमी, तिने सांगायची.

१५ जून

ठराव पाळला. जेवताना मी फक्त एवढंच म्हणालो, की तिकडे थंडी असते, स्वेटर लागेल. तेही सहज.

कन्येने चमचा खाली ठेवला. तिकडे म्हणजे कुठे, विचारलं. मी म्हणालो, बापाला सगळं कळतं. कसं कळतं, विचारलं. मी चळवळीचा विषय काढला. तोवर ती उठून जिन्यात गेली होती. कुंडी घेऊनच आत आली. कॅमेरा कुंडीसकट टेबलावर ठेवला.

ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, दारावरचं मशीन निदान दिसतं तरी, बाबा.

बायकोला नोकरीची बातमी अशी कळली. ती माझ्याशी बोलत नाहीये.

१६ जून

कन्याही बोलत नाहीये. वेळ होता, म्हणून उरलेला पुरावा बघून टाकला. चोर सापडला. पोस्टर फाडणारी व्यक्ती गाऊनमध्ये आहे आणि आमच्याच घरातून बाहेर येते.

बायकोला विचारायला गेलो. तिने फोन माझ्या पुढ्यात आदळला. पोस्टर वाचून सगळे तिला फोन करतायत. एक जण रोज कुलूप विकायला बघतो. म्हणाली, हक्क तुमचा आणि नंबर माझा का? नेत्याला घरातूनच विरोध होतो, हे ऐकून होतो.

३० जून, रविवार

मीटिंग. मशीनचा बेत साफ फेटाळला! आमचा विजय!

माझं भाषण तयार होतं. पण सेक्रेटरीने कन्येला बोलावलं. बाईंनी घरोघरी फिरून तिच्यासाठी मतं जमवली होती म्हणे. मला कोणी सांगितलं नाही. कन्या पाच मिनिटं बोलली आणि हात वर झाले. सेक्रेटरीचासुद्धा. तिने आणखी एक ठराव मांडला: जिन्यात कोणीही, कोणत्याही कारणासाठी, लपवून कॅमेरा ठेवू नये. डेंटिस्टने दोन्ही हात वर केले.

त्या ठरावाखालची पहिली नोटीस मला मिळाली. लिफ्टमध्ये लावलीय. नावासकट.

८ जुलै, सोमवार

कन्या पहाटेच्या गाडीने गेली. निघताना वाकून पाया पडली, पण बोलली बायकोशीच. मी तिला स्वेटर दिला. घेतला.

घर भकास वाटतंय. स्वतःला कामाला लावलं. सोमवार म्हणून फोनला नवा पासवर्ड ठेवला. आजवरचा सर्वांत भक्कम.

संध्याकाळी ७. तिचा मेसेज आला! महिनाभरातला पहिला. लॉक असलेल्या फोनवर सुरुवात तेवढी दिसते: 'बाबा, पोचले. स्वेटर घातलाय. एक सांगायचं राहिलं, की...'

पुढचं उघडल्याशिवाय दिसत नाही. पासवर्ड आठवत नाही. टाकून टाकून फोनच रुसला, आता म्हणतो तासाभराने प्रयत्न करा.

बायकोला म्हटलं, तुझ्या फोनवरून विचार ना तिला, काय लिहिलंय. तिने विचारलं. कन्या म्हणाली, ते बाबांना लिहिलंय, खासगी आहे.

रात्री ८. पुन्हा बसलोय. तिचं नाव टाकून बघितलं. तिची जन्मतारीख टाकली. लहानपणी मी तिला ज्या नावाने हाक मारायचो, तेही टाकलं. नाही. माझ्या जवळचं असं काही पासवर्डमध्ये ठेवायचं नाही, हा नियम माझाच.