एकाच नंबरावर दोघी

सोमवार, १६ जून २०२५, नांदेड

आले एकदाची. देगलूरहून सकाळची एसटी धरली. बस हलेपर्यंत बाबा स्टँडवर उभे होते. धाकटी ऋतुजा सोबतच येणार म्हणून हटून बसली होती. तिला सांगितलं, अकरावीचा फॉर्म भरला की तूही इथंच येणार आहेस, दहा दिवस तरी दम धर.

नोकरी एका क्लासमध्ये, मुलींच्या होस्टेलसकट. ऑनलाइन आलेले प्रवेशअर्ज तपासायचे आणि कॉम्प्युटरच्या टेबलात घालायचे. एक मुलगी, एक ओळ. त्या ओळीवरच तिला गेट उघडतं, मेसमध्ये ताट मिळतं, झोपायला खाट मिळते. बीसीए झालेल्या माणसाला हे म्हणजे डाव्या हातचा मळ. मीही होस्टेलातच राहणार, म्हणून पहिली ओळ माझीच घातली: भार्गवी. माझं नवं सिम अजून चालू झालं नाही, बाबांचाच नंबर दिला.

वॉर्डन कमलम्मा आमच्या देगलूरकडच्याच, अर्धं तेलुगूत बोलतात. मला बघून म्हणाल्या, एवढी वाळकी पोरगी काय काम करणार, आणि ताटात तिसरी भाकरी टाकली. बरं चाललंय एकूण.

बुधवार, १८ जून

आज पहिली अडचण. धर्माबादकडच्या दोघी बहिणी आल्या, आरती आणि गोदावरी. आरतीची ओळ बिनबोभाट गेली. गोदावरीला टेबल घेईना, 'डुप्लिकेट की', म्हणजे हा नंबर आधीच आहे, म्हणून परत. बघते तर, हे टेबल ज्यानं बनवलं त्यानं मुलींची ओळख मोबाइल नंबरावर ठेवलेली. एका नंबराला एकच ओळ. कुठल्या शहरातला होता कोण जाणे. आमच्याकडे घरात फोन एक असतो आणि तो वडिलांच्या खिशात असतो, हे त्याला कुणी सांगितलं नसावं.

रेणुकादास सर इथले व्यवस्थापक. त्यांना म्हटलं, प्रत्येकीला वेगळा क्रमांक देऊ. ते म्हणाले, गेट, मेस, हजेरी, सगळं त्या नंबराला बांधलेलं आहे, हात लावायचा नाही. नंबर आधीच असेल तर जुन्या ओळीवर नवी माहिती लिही, अशी एक सूचना कॉम्प्युटरला टाक आणि मोकळी हो.

चूक आहे हे मला कळत होतं. पण जेवायची वेळ झाली होती. नंतर सुधारू म्हणून सूचना टाकली. आरतीच्या ओळीवर गोदावरी बसली.

गुरुवार, १९ जून

मेसमध्ये गोदावरी एकटीच जेवत होती. आरती कुठं आहे विचारलं, तर म्हणाली, कोण आरती? मला वाटलं भांडल्या असतील. कमलम्मांना विचारलं. त्या म्हणाल्या, गोदावरीशेजारची खाट पहिल्यापासून रिकामीच आहे. जाऊन बघितलं. गादी गुंडाळलेली होती आणि तिच्यावर धूळ होती.

काल सकाळी त्याच खाटेवर बसून आरती वह्यांना कव्हरं घालत होती.

रविवार, २२ जून

भेटीचा दिवस. दोघींचे वडील अण्णाराव डबा घेऊन आले. मी धीर करून विचारलं. ते चिडले नाहीत. कीव आल्यासारखं माझ्याकडे बघत राहिले.

"मॅडम, मला येकच लेकरू हाय. ही गोदावरी. दुसरं झालंच न्हाई."

गोदावरी शेजारी बसून शेंगदाण्याची चटणी खात होती. तिनंही मान हलवली.

मला भीती वाटते ती याच्याही पुढची. आरतीचा चेहरा मलाही आठवेना. उंच होती की बुटकी? ही पानं मागं उलटली म्हणून निदान नाव तरी सापडलं.

सोमवार, २३ जून

आरतीला परत घालू? घातली तर गोदावरी जाईल. खोटा नंबर चालत नाही, ओटीपी लागतो. जेवायच्या घाईत मी एक मुलगी पुसली.

सरांना मात्र ती सूचना फार आवडली. आता अर्ज माझ्या हातात येतच नाहीत. रोज सकाळी अकराला आपोआप टेबलात जातात. पासवर्ड सरांकडे.

बुधवार, २५ जून

बाबांचा फोन. आनंदात होते. कॅफेत ऋतुजाचा फॉर्म भरला, उद्या तिचं नाव चढेल. मोबाइल नंबर कुठला दिला, विचारलं.

"आपल्या घरी दुसरा नंबर हाय का, बाळ?"

त्या नंबरावर मी आहे.

फॉर्म मागं घ्या म्हटलं. कॅफेवाला म्हणतो, एकदा गेला तो गेला. माझा नंबर बदलायला सर तयार नाहीत. म्हणजे उद्या अकराला ऋतुजा माझ्या ओळीवर येणार, आणि बाबांना एकच मुलगी असणार.

खूप रडले. मग ठरवलं, येऊ दे. सूचना मी लिहिली, जायचं तर मीच. ती सोळा वर्षांची आहे. तिला डॉक्टर व्हायचंय.

गुरुवार, २६ जून

साडेदहा. सर म्हणाले, तुझी सूचना आजच बदलली. जुनी माहिती खराब होऊन राहिली होती. आता नंबर आधीच असला तर नवा अर्ज सोडून द्यायचा, जुनी ओळ आहे तशी राहील.

जुनी मी. नवी ऋतुजा.

पाया पडले. पासवर्ड मागितला. हसून चहाला गेले.

माझी ओळ पुसता आली तर तिला जागा — पण आत जाताच येत नाही —

दहा पंचावन्न. बाबा फोन उचलत नाहीत. लिहून ठेवते. ऋतुजा. डाव्या गालावर तीळ. दोन वेण्या. बेसनाचा लाडू कुस्करून खाते. झोपेत माझा हात धरते. ऋतुजा माझी बहीण आहे. ऋतुजा माझी ब—

शुक्रवार, २७ जून

बाबांचा फोन आला. एकुलती एक म्हणून फार काळजी करतात.

लिहायला बसले तर कालचं पान भरलेलं. अक्षर माझंच. बाबांना परत फोन करून नाव विचारलं. म्हणाले, असं कुणी आपल्यात न्हाई.

मागची पानं वाचली. सगळी. मी हिच्यासाठी जायला निघाले होते. मग मी इथं का —

रडू येतंय, पण कुणासाठी ते —

गालावर तीळ. डाव्या. कुणाच्या, कुणाच्या गा—