चांगुणाबाईंच्या सायकलचे ब्रेक मी बसवले होते

मी, कानिफनाथ दगडू शेलार, वय वर्षे एकसष्ट, धंदा सायकल दुरुस्ती, राहणार श्रीरामपूर, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र कुणाच्या दडपणाने नव्हे तर स्वखुशीने, डोके ठिकाणावर असताना लिहून ठेवतो. पुढच्या आठवड्यात पुण्याला माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर "काळजीचे कारण नाही" असे दोनदा म्हणाले, म्हणून वकील राधाकृष्ण कुलथे यांना बोलावून घेतले. कायद्याचे शब्द त्यांचे, बाकी मजकूर माझा. "हे मृत्युपत्रात लागत नाही" अशा खुणा त्यांनी जागोजागी पेन्सिलीने केल्या होत्या. त्या मी पुसून टाकल्या आहेत. याआधी मी असा कोणताही कागद केलेला नाही.

कलम १. राहते घर, पोस्टातील शिल्लक, शिवणयंत्र व घरातील सर्व भांडीकुंडी माझी पत्नी रतनबाई हिला मिळावी. आम्हाला मूलबाळ नाही. घरात कुणाला ठेवायचे, कुणाला उंबऱ्यावरूनच चहा पाजून वाटेला लावायचे, हे तिने ठरवावे. तिचा भाऊ काकासाहेब याने सहा वर्षांपूर्वी "दोन दिवसांत आणतो" म्हणून आमची शिडी नेली आहे. ती शिडी मी त्यालाच देतो, म्हणजे त्याला आमच्या दारावरून मान खाली घालून जावे लागणार नाही.

कलम २. स्टेशन रोडवरील सायकल दुकान, त्यातील व्हाईस, पाने, हवेचा पंप व माल यांची व्यवस्था शेवटच्या कलमात आहे. हे दुकान मी आणि बेलापूरचा इब्राहिम शेख यांनी मिळून काढले. चाके, चेन, पंक्चर माझ्याकडे, ब्रेक इब्राहिमकडे. सळईचा ब्रेक कुणीही बसवी, पण तारेचा ब्रेक लावावा तर इब्राहिमने, असे राहुरीपर्यंत लोक म्हणत. याचा मला थोडा राग येई, हेही लिहून ठेवतो.

कलम ३. सन १९६१ च्या पावसाळ्यात इब्राहिम चुलतबहिणीच्या लग्नाला बेलापूरला गेला होता. सरकारी दवाखान्याच्या नर्स चांगुणाबाई खेडोपाडी बाळंतपणाला जात. त्यांची लेडीज सायकल तारेच्या ब्रेकची. त्या दिवशी सायकल पडून दोन्ही लिव्हर मोडले होते आणि कालव्यापलीकडच्या वस्तीवर बाई अडली होती. "कसंही करा, पण आत्ता करा," असे त्या म्हणाल्या.

माझ्याकडे एका विलायती सायकलचे चकचकीत लिव्हर भंगारात आलेले होते. त्या सायकलचे ब्रेक रिमवर नव्हे, चाकाच्या पोटात डब्यात बसत. लिव्हर तो लिव्हर, असे समजून मी ते चांगुणाबाईंच्या सायकलला लावले. स्टँडवर दाबून पाहिले तर हाताला कसे कडक! जुन्यापेक्षा कडक. मी स्वतःवर खूश झालो.

कालव्याच्या पुलाच्या उतारावर सायकल थांबली नाही. बाई कठड्यावर आपटल्या. उजव्या हाताची दोन बोटे कायमची ताठ झाली. वस्तीवर वेळेत कुणी पोचले नाही; बाळंतीण वाचली, मूल वाचले नाही.

दुकानापुढे माणसे जमली. कुणीतरी विचारले, "ब्रेक कुणी बसवले?" मी म्हणालो, "ब्रेकाचं काम इब्राहिम बघतो." या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. पुढे बोलायचे ते मी बोललो नाही.

अपघाताच्या आठच दिवस आधी त्या सायकलला ब्रेकच्या नव्या तारा इब्राहिमने घातल्या होत्या. तो परत आला, तेव्हा सायकल मी माळ्यावर टाकलेली होती. "एकदा बघू दे रं," असे तो दोनदा म्हणाला. "आता बघून काय करनार?" असे म्हणून मी शिडी लावू दिली नाही. महिन्याभराने तो आपली हत्यारे घेऊन बेलापूरला गेला.

कलम ४. मला वाईट वाटत होते, पण त्याहून मला उलगडा होत नव्हता. हाताला इतका कडक लागणारा ब्रेक धरत का नाही? हे डोक्यातून जाईना. शेवटी मी सायकल खाली काढून उलटी बांधली. लिव्हरला भाजीवाल्याचे दोन किलोचे वजन टांगले. रिमला दोरी बांधून तिला बादली अडकवली आणि बादलीत वाळू ओतत गेलो. जुना लिव्हर सांधून लावला, तेव्हा बादली काठोकाठ भरली तरी चाक जागचे हलले नाही. चकचकीत लिव्हर लावला, तर अर्ध्या बादलीला चाक फिरले. तार तीच, रबरे तीच, वजन तेच.

मग दोन्ही लिव्हर शेजारी ठेवून मोजले. लिव्हर ज्या खिळीवर फिरतो तिथपासून तारेचे टोक अडकते तिथपर्यंत जुन्यात पाच सूत अंतर होते, चकचकीत लिव्हरमध्ये नऊ सूत (आठ सुतांचा एक इंच). अंतर जास्त, म्हणून तो तार भराभर ओढतो, रबर रिमला लगेच टेकते आणि हाताला कडक लागते. पण टेकणे वेगळे आणि दाबणे वेगळे. त्याचा दाब निम्म्यावर येतो. जुना लिव्हर हाताला मऊ लागे, निम्मा दाबला जाई, तेव्हा कुठे रबर टेके. पण टेकले की सोडत नसे. डब्याच्या ब्रेकाला तो चकचकीत लिव्हर योग्यच असणार. दोष लिव्हरचा नव्हता, ब्रेकचा नव्हता, तारेचा तर नव्हताच. जोडी चुकली होती, आणि जोडी मी लावली होती.

हे कळले १९६४ साली. त्या दिवशी मला फार आनंद झाला, आणि सांगायला कुणी नाही हेही त्याच दिवशी कळले. एकाच माणसाला त्याची गोडी कळली असती, आणि त्याच्याकडे जायला मी पुढची आठ वर्षे धजलो नाही.

कलम ५. गेल्या वर्षी चांगुणाबाई बदलून पुन्हा इकडे आल्या. सायकल परत मागू लागल्या. "पण माझ्या या हाताला जोर नाही," म्हणाल्या. मी नवा लिव्हर घासून तारेचे भोक चार सुतांवर पाडले. आता जोर कमी लागे, पण लिव्हर हँडलला टेकायची वेळ येई. म्हणून रबरे रिमच्या अगदी जवळ आणावी लागली, आणि ती घासू नयेत म्हणून चाकाचा वाकडेपणा स्पोक आवळून आवळून काढला. चार दिवस गेले. बाईंनी त्याच हाताच्या धड राहिलेल्या दोन बोटांनी ब्रेक दाबला, सायकल जागच्या जागी उभी राहिली. त्या हसल्या. तेव्हा मला राहवले नाही, सगळे सांगितले.

त्यांनी सायकल भिंतीला टेकवली. मग म्हणाल्या, "हे इब्राहिमभाईंना सांगितलंत?"

"न्हाई."

"मग मला काय सांगता? तिकडं जा."

मी दोन्ही लिव्हर पिशवीत घालून बेलापूरला गेलो. इब्राहिम घरापुढे पंक्चर काढत होता. उभ्या उभ्याच सांगून टाकले. शिव्या देईल म्हणून वाट पाहिली. त्याने हात पुसले आणि विचारले, "किती सूत?"

"ह्यो पाच. ह्यो नऊ."

त्याने स्वतःच्या पट्टीने मोजले. दोनदा मोजले. मुलगी रजिया चहा घेऊन आली तरी त्याने वर पाहिले नाही. वजन किती टांगले, रबर नवे होते की जुने, रीम ओली करून पाहिली का, हे सगळे विचारले. रीम ओली करायचे मला सुचले नव्हते. ती दोघांनी मिळून त्याच्या दारातल्या एका सायकलवर करून पाहिली. तेवढा वेळ आम्ही दुकानातच होतो असे वाटले.

मग तो म्हणाला, "अकरा वर्सं मला वाटतंय का माझी तार सुटली. त्या पोरापायी मी तारेच्या ब्रेकाला हात लावला न्हाई. तुला आठ वर्सं ठावं हुतं."

"व्हय."

"आता जा, कानिफ."

मी आलो. तो आजपर्यंत पुन्हा बोलला नाही, आणि मी तशी अपेक्षा केली नाही.

कलम ६. पहिल्या मसुद्यात दुकान मी इब्राहिमच्या नावे केले होते. मसुदा वाचायला पाठवला, तर तो आज स्वतःच आला. कलम तीन ते पाच त्याने वकिलांकडून मोठ्याने वाचून घेतली आणि म्हणाला, "साक्षीदार म्हनून मी सही करनार."

वकील म्हणाले, "ज्याला मालमत्ता मिळायची त्याने साक्षीला राहू नये. नंतर भानगड होते."

इब्राहिम म्हणाला, "मंग दुकानावरचं माझं नाव काढा."

मी म्हणालो, "अरं, दुकान तुझंच हाय."

"दुकान नको. ह्ये तू लिवलंस त्याच्याखाली माझं नाव पायजे."

म्हणून त्याचे नाव काढले आहे. दुकान, व्हाईस, पाने, दोन्ही लिव्हर व सर्व माल त्याची मुलगी रजिया हिला मिळावा. रजिया सज्ञान आहे व तिला हे कळवले आहे. "मला मोजायचं शिकवाल का?" एवढेच तिने बापाला विचारले. पुण्याहून मी परत आलो, तर तिला दोघांनी शिकवायचे की एकट्याने, हे इब्राहिमने अजून सांगितलेले नाही.

वर लिहिलेले सर्व मी वाचून, समजून, खालील साक्षीदारांच्या देखत सही केली आहे.

श्रीरामपूर, दिनांक ११ फेब्रुवारी १९७३

(सही) कानिफनाथ दगडू शेलार

साक्षीदार:

१. राधाकृष्ण कुलथे, वकील, श्रीरामपूर (सही)

२. इब्राहिम शेख, ब्रेक मिस्त्री, बेलापूर (सही)