मॅडमशी आमचे संबंध

२ जानेवारी, सकाळी
नवीन वही. नवीन मी. काल संस्थाचालकांच्या वर्कशॉपला गेलो. दिवसभराचं सार एकच: देणगीदाराकडे लगेच पैसे मागू नका, आधी संबंध जोडा. ‘संबंध’ या शब्दाखाली तीन रेघा मारल्या. तिसऱ्या रेघेला पान फाटलं.

आमच्या चाकाच्या खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या केंद्राचा सचिव म्हणून सगळा भार माझ्यावर आहे. जुन्या फाउंडेशनची मदत मार्चअखेर संपते. नवीन अनुदान नाही मिळालं तर शेडला कुलूप. मिस्त्रीबाईंनी (प्रत्यक्ष दुरुस्ती त्या करतात) विचारलं, पुढे काय. मी म्हटलं, निश्चिंत राहा. एकतीस वर्षं विमा विकलाय, संबंध जोडणं माझ्या डाव्या हातचा मळ आहे. त्यांनी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि पाना उचलला.

५ जानेवारी, ११.१०
नव्या फाउंडेशनच्या अनुदान अधिकारी मॅडमना पहिला मेल. पैशांचा उल्लेख नाही. फक्त शुभेच्छा, माझा परिचय (दोन पानं) आणि तरुणपणीचा फोटो.

११.१०
उत्तर आलंसुद्धा. त्याच मिनिटाला. मेलबद्दल आभार मानलेत आणि सोमवारपर्यंत रजेवर असल्याचं कळवलंय. परक्या माणसाला कोण आपल्या रजेबद्दल सांगतं? बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे मशीन पाठवतं. हिला माणसांची पारख कधीच नव्हती.

६ जानेवारी
पुन्हा लिहिलं. पुन्हा त्याच मिनिटाला उत्तर, आणि अक्षरन् अक्षर तेच. बाई शब्दाला पक्क्या आहेत.

१३ जानेवारी
मॅडम रजेवरून परतल्या आणि एकदम कोरड्या झाल्या. विचारतात, गेल्या वर्षी किती खुर्च्या दुरुस्त केल्या, त्यातल्या किती सहा महिन्यांत परत आल्या आणि कशामुळे. बोलणं चालू ठेवायचं निमित्त, दुसरं काय. असला किरकोळ मजकूर मी मिस्त्रीबाईंकडे ढकलला. त्यांनी अर्ध्या पानात उत्तर दिलं. वर, परत आलेल्या एकोणीस खुर्च्यांत चूक आमचीच होती, बेअरिंग हलकी वापरली, हेही लिहून मोकळ्या झाल्या. मी डोक्याला हात लावला.

मॅडमनी त्यांना आणखी सात प्रश्न पाठवलेत. वैतागल्या असणार. बिघडलेलं सावरायला मी वेगळा मेल करून रजा कशी गेली ते विचारलं. उत्तर नाही. वाईट गेली असावी.

२२ जानेवारी
स्वतः फाउंडेशनच्या ऑफिसात गेलो. अपॉइंटमेंट नव्हती, घरच्या माणसाला कसली अपॉइंटमेंट. पावणेदोन तास लिफ्टशेजारी उभा. शेवटी मॅडमबरोबर लिफ्टमध्ये शिरलो. त्यांनी विचारलं, कितवा मजला. मी म्हटलं, आपला तोच माझा. त्या पहिल्याच मजल्यावर उतरल्या. ऑफिस पाचव्यावर आहे. किती हा कामाचा व्याप.

३० जानेवारी
संकल्प: आठवड्याला किमान तीन संपर्क. या आठवड्यातले झाले:
एक मेल.
एक मेल, आधीचा मिळाला का हे विचारणारा.
एका परिषदेत चहाच्या टेबलाशी प्रत्यक्ष भेट. त्या ‘साखर?’ म्हणाल्या. मला किंवा वेटरला. आयोजकांच्या फोटोत आम्ही दोघं आहोत. मॅडम पूर्ण, मी जमेल तितका.

१० फेब्रुवारी
मॅडम शेड बघायला आल्या. माझं स्वागतपर भाषण अकरा पानी. पहिल्याच पानाला त्या उठून मिस्त्रीबाईंजवळ गेल्या आणि उलट्या केलेल्या खुर्चीपाशी चक्क जमिनीवर बसल्या. दीड तास दोघींचं पुढचं चाक, ब्रेक आणि सीटचं कापड. मला काही वाव नाही. मध्येच मॅडम म्हणाल्या, जरा बॅटरी धरता का. धरली. परक्या माणसाला कोणी बॅटरी धरायला सांगत नाही.

पुस्तकं बांधणारे आजोबा आपली खुर्ची न्यायला आले होते. अकरा दिवस दुकान बंद, कारण खुर्चीशिवाय त्यांना घराचा उंबरठा ओलांडता येत नाही. नवीन बेअरिंग बसल्यावर ते उतारावरून स्वतःच्या हाताने खुर्ची हाकत गेले. मॅडम ते कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिल्या. संधी साधून मी पान दोन काढलं, पण त्यांची गाडी आली होती.

१८ फेब्रुवारी
अर्जाचा दिवस. चौदा पानं मिस्त्रीबाईंनीच भरली. तपशिलात मी पडत नाही. पण शेवटच्या पानावर नजर गेली आणि अंगावर मूठभर मांस चढलं. प्रश्न असा: ‘फाउंडेशनच्या कोणाही अधिकाऱ्याशी अर्जदाराचे संबंध असल्यास सविस्तर नमूद करावे.’

दीड महिना झिजवलेल्या चपला सार्थकी लागल्या. मिस्त्रीबाई म्हणाल्या, ‘नाही’ लिहा आणि सोडा. नाही? एवढं करून नाही? हा तर मॅडमचा अपमान. मी लिहिलं: ‘होय. अत्यंत घनिष्ठ.’ सोबत भेटींची यादी (लिफ्टसह), रजेविषयीचा पत्रव्यवहार आणि फोटो. बायकोने वाचलं आणि शांतपणे विचारलं, बॅग मी भरू का तू भरतोस. काही लोकांना संस्थात्मक भाषा कळत नाही. तिच्यादेखत ‘सेंड’ दाबलं.

९ मार्च
फाउंडेशनचं पत्र. अर्ज थांबवलाय. मॅडमनी आमचा अर्ज पहिल्या क्रमांकावर ठेवला होता, पण अर्जदाराशी असलेले घनिष्ठ संबंध त्यांनी लपवल्याचं दिसतं, सबब चौकशी समिती. मॅडमना कामावरून बाजूला केलंय. पत्र चारदा वाचलं. चारही वेळा अर्थ तोच.

मिस्त्रीबाईंनी एकदाच वाचलं. म्हणाल्या, “साहेब, त्रेचाळीस खुर्च्या उघडून ठेवल्यात. त्यांची माणसं घरात बसून आहेत. त्यांना मी काय सांगू?”

लाज वाटली. ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो, खूप वाटली.

दुपारी ४
चूक फॉर्मची आहे. संबंध म्हणजे कसले संबंध, हे छापायला नको? वर्कशॉपवाले सांगतात जोडा, हे म्हणतात का जोडले. माणसाने करायचं काय.

११ मार्च
सगळं निस्तरलं. समितीला खुलासा पाठवला: ‘मॅडमशी असलेले माझे संबंध आता पूर्णपणे तुटले आहेत.’

१२ मार्च
निस्तरलं नाही. समितीच्या अध्यक्षांचा फोन. संबंध नेमके कधी तुटले आणि कोणत्या कारणाने, हे विचारत होते. मी म्हटलं, दोष माझा आहे, मॅडमना दुखवू नका. फोन ठेवून वळलो तर मिस्त्रीबाई मागे उभ्या. त्यांनी माझ्याकडून संस्थेच्या मेलचा पासवर्ड लिहून घेतला.

१३ मार्च
त्यांनी समितीला दोनच ओळी धाडल्या: यांनी लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा, मॅडमनाच विचारा. यात डिप्लोमसी कुठे आहे? सचिवांना न दाखवता पत्रं जायला लागली. राजीनाम्याचा विचार गांभीर्याने करतोय. मग मागे कोण सांभाळणार, म्हणून थांबलो.

२४ मार्च
निकाल. तीन वर्षांचं अनुदान मंजूर. मॅडम पुन्हा कामावर. शेडमध्ये आनंदीआनंद. मिस्त्रीबाईंनी पत्र बाजूला ठेवलं आणि लगेच त्रेचाळीसही घरी फोन लावायला घेतले. मलाही बरं वाटलं. नाही, खरंच वाटलं.

पत्राला मॅडमचा लेखी जबाब जोडलाय. पूर्ण उतरवून ठेवतो: ‘मी केंद्राच्या मिस्त्रीबाईंना ओळखते. त्यांचं काम आणि त्यांची उत्तरं दोन्ही चोख आहेत. सदर सचिवांना भेटल्याचं मला आठवत नाही. सोबतच्या फोटोत माझ्या खांद्यामागे एक कान दिसतो, तो कोणाचा आहे हे मी सांगू शकत नाही.’

समितीने एवढ्याचाच आधार घेऊन संबंध नसल्याचा निर्वाळा दिला. तरी फाइलसाठी माझंही एक प्रतिज्ञापत्र हवंय: ‘माझी मॅडमशी ओळखदेखील नाही.’ दोन साक्षीदार लागतात, मला जवळून ओळखणारे. मिस्त्रीबाई हात पुसत आल्या. बायको रिक्षा करून आली. दोघींनी न वाचता सह्या केल्या.