ठकूच्या डाव्या डोळ्याची बाहुली

४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. गुडघा दुखतो म्हणतेस आणि पुढच्याच ओळीत एका बैठकीत साठ वह्या शिवल्या म्हणून सांगतेस. तुला कुणी काय बोलावं?

इकडे नाटकाच्या कपडेपटात मान वर करायला फुरसत नाही. नव्या नाटकात एक बाग आहे आणि तिच्यासाठी पांढरी, घंटेसारखी लोंबणारी दोनशे कापडी फुलं हवीत. मागच्या अंगणात तसलं झाडच आहे. मी रोज सकाळी ताजं फूल तोडते, उभं चिरून कागदावर पसरते आणि बोटाने दाबून त्याच्या शिरांचा छाप उठवते. मग त्यावरून कापड बेतायचं. कपडेपटाच्या मुख्य बाई म्हणतात, एवढं कोण बघतंय शेवटच्या रांगेतून. मी म्हटलं, मी बघते.

आता गंमत ऐक. कालपासून माझ्या डाव्या डोळ्याची बाहुली फुगून बसली आहे. उजवी मुगाएवढी, डावी वाटाण्याएवढी. बाई म्हणाल्या, एका डोळ्याने मांजर झालीस. सुईचं नेढं दिसत नाही, उजेड सोसत नाही. पण उजवा डोळा झाकला की काय सुंदर दिसतं म्हणून सांगू. दिव्याभोवती कुणीतरी कापूस पिंजून ठेवला आहे. माणूस जवळ आला की त्याच्या कडा विरघळतात, लांब गेला की पुन्हा माणूस होतो. दुपारी खिडकीत बसले तर अख्खा रस्ता दुधातून चालला होता. डोकं जरा ठणकतं, तोंडाला कोरड पडते, ते उन्हाने असेल. फुलं झाली की डॉक्टरांना दाखवीन.

लोभ आहे तो तिथल्या तिथे संपवू नकोस, थोडा माझ्यासाठी ठेव.

तुझी
ठकू


६ एप्रिल

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज सकाळी दहाला आलं आणि साडेदहाला मी तुला तार केली, की काम टाक आणि आजच मोठ्या दवाखान्यात जा. तारेत कारण मावत नव्हतं, ते इथे लिहिते. अजून गेली नसशील तर पुढचं वाचू नकोस, आधी ऊठ.

ह्यांच्या शेवटच्या दिवसाबद्दल मी सगळ्यांना एवढंच सांगितलं, की स्टुलावरून पडले आणि संध्याकाळी गेले. मधले तीन तास मी कुणालाच सांगितले नाहीत. पडताना त्यांचं कानशील पुस्तकं दाबायच्या शिकंज्यावर आपटलं. रक्त नाही, काही नाही. उठून हसले, पुठ्ठे कापायला बसले. तासाभराने म्हणाले, डोकं ठणकतंय. मी वर पाहिलं तर एक बाहुली मोठी दिसली. खिडकी त्या बाजूला होती. मला वाटलं, सावलीने तसं दिसत असेल. पुठ्ठे चिकटवायची खळ शिजून तयार होती आणि वाळली की फुकट जाते, म्हणून मी त्यांना म्हटलं, पडा जरा, एवढी खळ संपवते नि येते. संपवून गेले तेव्हा ते हाकेला ओ देत नव्हते.

तुला माहीत आहे, मला शाळा नाही. ह्यांच्याकडे बांधायला येणारे छापील पानांचे सुटे फर्मे वाचत वाचत मी शिकले. ते गेल्यावर वर्षभराने एका डॉक्टरांचं पुस्तक बांधायला आलं. त्यात लिहिलं होतं की बाहुली अंधारात मोठी होते, भीतीने होते, आवडीचं माणूस दिसल्यानेही होते. औषधाच्या थेंबांनी होते. आणि डोक्याला मार लागून आत रक्त साचलं, त्याने डोळ्याची नस दाबली, तर मार लागलेल्या बाजूची एकच बाहुली मोठी होते. ते पान मी शिवलं, डिंक लावला, पुस्तक परत दिलं. त्याला आता दहा वर्षं झाली.

तू कुठे पडली आहेस का, कशावर आपटली आहेस का, ते कळव. दोनशे फुलं गेली खड्ड्यात. ते नाटक मला पाठ आहे, उशीर होतो आणि एक जण मागे उरतो.

माझा लोभ कडू लागला तरी गिळ.

तुझी
ताई


९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी ठीक आहे, हे आधी लिहिते. तार मिळाली तशी बाईंनीच हाताला धरून नेलं. कुठे पडले नाही, आपटले नाही.

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान आहेत. त्यांनी नाडी बघितली, चालायला लावलं, हात दाबून घेतले, मग विचारलं की काम काय करता. मी फुलांचं सांगितलं. त्यांनी झाड कसं आहे ते विचारलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. ते झाड धोतऱ्याच्या नात्यातलं. त्याचा रस डोळ्यात गेला की बाहुलीचा स्नायू लुळा पडतो आणि दार उघडंच राहतं. पण एकाच डोळ्यात कसा गेला, ते त्यांना कळेना. मग मी सुई ओवून दाखवली. मला एकच डोळा मिटता येत नाही ना, तू लहानपणी डोळा मारायला शिकवायचीस आणि मी दोन्ही मिटायचे. म्हणून मी ओवताना डावी पापणी बोटाने धरून ठेवते. त्याच बोटाने. दिवसातून चाळीस वेळा. डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की बाहेरची नर्स आत आली.

तरी खात्रीसाठी त्यांनी बाहुली आकसवणारे थेंब दोन्ही डोळ्यांत घातले. उजवी टाचणीच्या टोकाएवढी झाली, डावी ढिम्म. नस दबली असती तर बाहुली या थेंबांनी आकसली असती, म्हणजे हे रसाचंच काम. आठवड्यात उतरेल म्हणाल्या.

मग मी भावोजींचं विचारलं. तुला न विचारता विचारलं, रागाव. त्या म्हणाल्या, तशी बाहुली दिसली की हातात फार थोडा वेळ असतो, कधी तासभरसुद्धा नाही. कवटी उघडून शस्त्रक्रिया करणारा दवाखाना किती लांब होता, असं विचारलं. मी सांगितलं, मोटारीने चार तास. मग म्हणाल्या, बहुतेक पोचले नसते, पण नक्की असं मी म्हणणार नाही. मला वाटलं, तुला फक्त पहिलं अर्धं लिहावं. पण तू फसणारी बाई नाहीस.

तुझ्या लोभावर माझा हक्क आहे असं समजून चालते.

तुझी
ठकू


१२ एप्रिल

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. रागावले नाही. दोन्ही अर्धी लिहिलीस, बरं केलंस. दुसऱ्या अर्ध्याची मला सवय आहे, ते माझ्या घरात राहतं. पहिल्याला जागा करून द्यायला जरा वेळ लागेल.

एक गोष्ट मात्र तुझ्या पहिल्या पत्राने मला दिली आणि घाबरल्यामुळे मी ती तेव्हा पाहिलीच नाही. त्या दुपारी पडायला जाताना ह्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, आज तू उजेडासारखी दिसतेस, कुठून सुरू होतेस तेच कळत नाही. असलं ते कधी बोलत नसत. मी म्हटलं, काहीतरी बडबडू नका, जा. मला इतकी वर्षं वाटत आलं, की माणूस ठणकणाऱ्या डोक्याने, अंधारात गेला. तू त्या डोळ्याने पाहून आलीस आणि सांगितलंस, की तिथून माणसांच्या कडा विरघळतात. म्हणजे त्यांना मी खरंच तशी दिसले असेन.

हे लिहून झाल्यावर मी उठले. ते गेल्यापासून मी या खोलीबाहेर एक रात्र काढलेली नाही. वाटायचं, आपण नसताना कुणी हाक मारली तर. आज शेजारणीला किल्ली दिली, शिवायच्या वह्या गिऱ्हाइकांना परत केल्या. तुझी फुलं किती उरली ते तिथेच बघू. खऱ्या फुलाला हातमोजे घालून मी हात लावीन, तू फक्त शिवायचं, आणि सुया मी ओवून देईन.

उत्तर लिहू नकोस. ते इथे पोचेल तेव्हा दाराला कुलूप असेल.

लोभ घेऊन येते आहे, तेवढी जागा काढून ठेव.

तुझी
ताई