दोनशे चौदा बाण आणि सहावी वाट

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (खरं तर सातच अंगांचा. उजवा गुडघा टेकायला तयार नाही, तेव्हा आठवं अंग मनातल्या मनात टेकवलंय असं समज.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजी गोळ्या वेळेवर घेतात ना, की अजून कुंडीत टाकतात? वर्षातून एकदा तुझं कार्ड येतं, त्यात 'सर्व ठीक' याच्या पुढे एक अक्षर नसतं. चाळीस वर्षं मी बाजारात वजनकाटे तपासलेत, ताई. जो दुकानदार न विचारताच 'सर्व ठीक' म्हणतो, त्याच्या पारड्याखाली काहीतरी चिकटवलेलं असतं, एवढं मला कळतं. असो. आमच्याकडेही सर्व ठीक आहे.

पत्रास कारण म्हणजे पिवळ्या रंगाचा एक डबा. झालं असं, की आपल्या गावाभोवतीच्या डोंगरांत हल्ली बाहेरची माणसं चालायला येतात. पाठीवर पिशव्या आणि हातात दोन-दोन काठ्या (धडधाकट पाय असताना काठ्या कशाला, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही). त्यांच्यासाठी नगरपालिकेने एक समिती नेमली. अध्यक्ष बेकरीवाला, चिटणीस शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि 'एक अचूक माणूस असावा' म्हणून मी. सहा वाटांवर खुणा करायच्या, अंतरं मोजायची आणि पुस्तिका छापायची, एवढंच काम. पाच वाटा झाल्या. सहावी आपली आहे, वरच्या घरापासून बाजारापर्यंतची, आईची. तिच्यावर या महिन्याच्या तीस तारखेच्या आत खुणा झाल्या नाहीत, तर ती नकाशातून जाईल आणि वरच्या कुरणाला घालायचं तारेचं कुंपण सरळ तिच्यावरून नेतील. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी भरकटणार आहे, आणि हल्ली मला भरकटण्याचा चांगला सराव झालाय.

तर बाण. पाच वाटांवरच्या दगडांवर मिळून दोनशे चौदा बाण मी त्या पिवळ्या रंगाने एकट्याने काढले, प्रत्येक वीतभर लांब, पट्टी लावून. गुडघ्याला चढ झेपत नाही, म्हणून मी अशी युक्ती काढली की रोज सकाळच्या बसने वर खिंडीपर्यंत जायचं आणि बाण काढत काढत खाली यायचं. ज्या दिशेला माझं तोंड, त्या दिशेला बाणाचं टोक. महिनाभर हे चाललं. एकदाही मनात पाल चुकचुकली नाही. उलट संध्याकाळी घरी आलो की तुझ्या भावजयीला त्या दिवशीचा आकडा सांगायचो आणि ती 'हो का' म्हणून माझ्या विजारीवरचा रंग घासत बसायची. उद्घाटनाच्या दिवशी तीस-पस्तीस पाहुणे चौकातून वाजतगाजत निघाले, पुलाजवळच्या पहिल्या दगडापाशी पोचले, बाण पाहिला, आणि बाणाच्या आज्ञेप्रमाणे निमूट वळून चौकात परत आले. मग दुसऱ्या वाटेने निघाले. गिरणीपाशी बाण, पुन्हा चौकात. ताई, दोनशे चौदाच्या दोनशे चौदा बाण गावाकडे तोंड करून होते. इथून बाहेर कसं पडायचं, हे त्यातला एकही सांगत नव्हता. एका निवृत्त डॉक्टर जोडप्याने तर पाचही वाटा सकाळी अकराच्या आत संपवल्या, आणि पुस्तिकेतली अंतरं फारच फुगवून लिहिली आहेत अशी लेखी तक्रार ठेवून गेले. (माझी अंतरं! ज्याने तोळ्याची तफावत कधी सोडली नाही त्याची!)

या सगळ्यात खूश फक्त बेकरीवाला. दर वीस मिनिटांनी भुकेली माणसं चौकात परत येत होती, त्याचा माल बाराच्या आत खलास. समितीच्या बैठकीत त्याने बाण आहेत तसेच राहू द्यावेत असा ठराव मांडला, वर म्हणतो, 'माणसं हरवत नाहीत, हे काय कमी आहे?' मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी उठलो, चष्मा पुसला आणि म्हणालो, 'बाणांच्या दिशेबाबत पुनर्विचारास वाव आहे.' बाई म्हणाल्या, 'म्हणजे चुकलं, असं म्हणा ना सरळ.' मी म्हणालो, 'पुनर्विचारास वाव आहे.' तुला तर माहीतच आहे, तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही. लहानपणी माझ्या हातून अंड्यांची अख्खी टोपली पडली तेव्हाही मी आईला सांगितलं की वाऱ्याने पडली. आणि तू मध्येच 'माझा धक्का लागला' म्हणून धपाटा खाल्लास. त्याबद्दल आपण दोघं कधी बोललोच नाही. असो, आता मी प्रत्येक बाणाला मागच्या बाजूनेही एक टोक काढलंय. ज्याला जिकडे जायचंय तिकडे त्याने जावं.

राहिली सहावी. मला वाटलं, यात काय आहे, बारा वर्षं त्या वाटेने दर बाजाराला खाली आलो, डोळे मिटून जाईन. (डोळे उघडे ठेवूनही जमलं नाही.) या वेळी बाणांचा धडा घेऊन, गुडघ्याला न विचारता, खालून वर निघालो. पहिल्या खेपेला मी कुणाच्या तरी गोठ्यात निघालो. तिथली गाय माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच तिला नमस्कार करून मागे फिरलो. दुसऱ्या खेपेला ओढ्यापलीकडच्या दलदलीत डावा बूट गेला, तो अजून तिथेच आहे. तिसऱ्या खेपेला सहा तास चालल्यावर लांबून धूर दिसला आणि माझा जीव भांड्यात पडला. वरचं घर कुलूपबंद आहे, तिथे धूर कोण करणार, हे काही डोक्यात आलं नाही. धूर बेकरीचा होता.

मग माझ्या लक्षात आलं, ताई, की मी ती वाट कधी पाहिलेलीच नाही. पुढे आई, डोक्यावर टोपली. मध्ये तू. शेवटी मी. उतारावर इकडेतिकडे बघायचं नाही, पुढच्याच्या टाचांवर नजर ठेवायची, ही आईची सक्त ताकीद, आणि त्या बाबतीत मी कमालीचा आज्ञाधारक. त्यामुळे मला झाडं आठवत नाहीत, दगड आठवत नाहीत. तुझ्या टाचा मात्र लख्ख आठवतात. डावीला भेग, आणि उजव्या चपलेचा पट्टा काळ्या दोऱ्याने शिवलेला. ओढा ओलांडल्यावर त्या टाचा कुठल्या बाजूला वळायच्या, तेवढं काही केल्या आठवत नाही.

दुसऱ्या खेपेचं सांगतो. एका पायात बूट, एका पायात चिखल, असा ओढ्याच्या काठी बसलो होतो आणि सहा वर्षांपूर्वीचं आठवलं. आई गेली तो दिवस. अंगण माणसांनी भरलेलं, तू प्रवासाने दमून नुकती पोचलेली, आणि मी सगळ्यांदेखत तुला विचारलं, 'या घराचा रस्ता तरी आठवतो का तुला?' तू दिवस कलता कलता पिशवी उचललीस आणि याच वाटेने खाली निघालीस. मी दारात उभा होतो. तू कुणाला काही विचारलं नाहीस, कुठे थांबली नाहीस, ओढ्यापर्यंत दिसलीस आणि मग झाडीआड गेलीस. मला हाक मारायची होती. अगदी ओठांवर आली होती. मी मारली नाही. तुला रस्ता पाठ होता आणि मला नव्हता, हे कळायला मला सहा वर्षं आणि एक बूट लागला.

तर आता नियम असा आहे, की ज्यांनी वाट वापरली अशा दोन माणसांनी मोजणीदाराबरोबर ती प्रत्यक्ष चालून दाखवावी लागते. त्या वाटेने चाललेली आता आपण दोघंच उरलो. म्हणजे तुला यावंच लागेल, माझा नाइलाज आहे, सरकारी काम आहे. सकाळची बस चौकात नऊला येते. चपला जुन्याच आण. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. वरचं घर मी झाडून घेतलंय (खिंडीतल्या गाडीरस्त्याने लांबचा वळसा घेऊन गेलो, वाटेने नव्हे). छप्पर शाबूत आहे. तुझ्या खोलीची खिडकी अजून तशीच अडकते, ती मुद्दाम दुरुस्त केली नाही.

ता. क. दुसरा. नगरपालिकेतला कारकून म्हणतो की प्रत्यक्ष यायची काही गरज नाही. वाटेचा हाताने काढलेला नकाशा आणि खाली सही पोस्टाने आली तरी चालते. हे मला पंधरा दिवसांपासून माहीत आहे. तू पोस्टाने पाठवू नकोस.

ता. क. तिसरा. तुझ्या भावजयीने पत्र वाचलं. ती म्हणते, एवढी पानं कशाला भरलीत, दोन शब्दांचं तर काम होतं, आणि ते दोन शब्द तेवढे यात कुठे दिसत नाहीत. काटा तिचा बरोबर आहे. तर ते लिहितो.

चुकलो. ये.