तू स्टॉपर ओढला होतास

आर्वी,
रविवार, ८ मार्च १९८७

प्रिय गुलाब,

चार महिन्यांत तुला हे माझं पहिलंच पत्र. आधी सात-आठ लिहिली आणि गॅरेजच्या शेगडीत घातली. दोनदा तर आंजीच्या बसमध्ये बसलो, तिकीट काढलं, आणि मधेच खरांगण्याला उतरून परत आलो. दुसऱ्या वेळी कंडक्टर म्हणाला, "काऊन मिस्त्री, रोज हवा खाले येता काय?" काय सांगणार त्याला! तोंड चालवण्यात अख्ख्या आर्वीत मला कोणी हरवत नाही हे तुला ठाऊक आहे, पण तुझ्यासमोर उभं राहून हे बोलणं मला जमायचं नाही. म्हणून लिहितो. अक्षर वाकडं आहे, कागदाला ग्रीस लागलं आहे, सांभाळून घे.

तू ज्यांच्याकडे राहतोस ते बबनराव बाजाराला आले होते. त्यांच्याकडून कळलं की परवा, मंगळवारी, तुझी तारीख आहे आणि तू कोर्टात उभा राहून गुन्हा कबूल करणार आहेस. वकील म्हणाला म्हणे की कबूल केलंस तर शिक्षा कमी होईल. आणि तू बबनरावांना सांगितलंस की आता मलाच वाटून राह्यलं, ब्रेक समजून ॲक्सिलेटरच दाबला असन मी. गुलाब, हे ऐकलं आणि हातातलं काम टाकून कागद घेतला. वीस वर्षं गाडी चालवतोस तू. तुझा पाय चुकत नाही. कबूल करू नकोस रे बापा. आधी हे पत्र पुरतं वाच, मग काय शिव्या घालायच्या त्या घाल.

तुझ्या ताईचं, माझ्या लीलेचं सांगतो. संक्रांतीला तिळगूळ केला, सगळ्या गल्लीत वाटला, आणि एक पुडी कोणासाठी तरी बाजूला काढून पुन्हा डब्यात ओतली. मी पाहिलं. ती तुझं नाव घेत नाही, पण मोटारीचा हॉर्न वाजला की हातातलं काम थांबतं. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी तू कपाळाला पट्टी बांधून आलास, "ताई, मी प्यालो नाई वं," म्हणालास, आणि लीलेने तुझ्या तोंडावर दार लावून घेतलं. दोन वर्षांपूर्वी तिच्या डोक्यावर हात ठेवून तू दारू सोडली होतीस. तिला वाटलं, माझ्या डोक्यावरची शपथ मोडली आणि वर एका माणसाचा जीव घेतला. तू प्यालास असं मी तिला सांगितलं नाही. बस-स्टँडवरचे लोक बोलले. मी फक्त नाही म्हणालो नाही. दाराच्या आत, खाटेवर, मी बसलेलो होतो गुलाब.

तुझ्या गाडीचा जोर वाढवायचा तो टर्बो तुला नको होता. हे मला आधी लिहायला पाहिजे होतं. "भाऊजी, जशी हाय तशी चालून राह्यली नं, काऊन तिच्या मागं लागता," असं तू म्हणालास. खूळ माझं. चंद्रपूरकडे मशिनींवर काम करणाऱ्या ओमप्रकाशने भंगारात एक टर्बो पाहून ठेवला होता, कोण्या परदेशी इंजिनिअराच्या चेपलेल्या जीपचा, छोटासा, नारळाएवढा. तो हातात घेतला आणि आतलं चाक बोटाने फिरवलं तर ते किती वेळ आवाज न करता फिरतच राहिलं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. लीला म्हणाली हे आहे तरी काय, तर मी तिला सांगितलं की समज, चुलीच्या धुराने फिरणारा पंखा, आणि तोच पंखा चुलीत वारा घालतो. ती म्हणाली, मग चूल भडकली तर विझवायची कशी? मी हसलो होतो. बायकांना काय कळतं म्हणालो होतो.

जिल्ह्यात कोणी पिकअपला टर्बो बसवलेला नव्हता. निदान माझ्या माहितीत नव्हता. मी बसवणार, मी! बस-स्टँडवर, पानठेल्यावर, संत्र्याच्या दलालांना, सगळ्यांना सांगून ठेवलं की येत्या गुरुवारी गुलाबची गाडी भरल्या मालासकट तळेगावचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढेल, पाहायला या. गाडीला किती काम लागतं ते न पाहता वार जाहीर केला. एक्झॉस्टचा पाइप केला, हवेचा पाइप केला, टर्बोतल्या चाकाच्या बेअरिंगला इंजिनातून तेल आणलं. राहिली ती तेल परत जायची नळी. ओमप्रकाशने दहा वेळा बजावलं होतं की रूपराव, टर्बोतून तेल आपल्या वजनाने खाली पडतं, नळी जाड पाहिजे आणि सरळ खाली पाहिजे, कुठे झोळ नको. त्यासाठी इंजिनाचं तळाचं, तेलाचं चेंबर खाली उतरवून त्याला भोक पाडून वेल्डिंग करायचं होतं. वेल्डर दोन दिवस सेलूला लग्नाला गेलेला. दोन दिवस, गुलाब! शुक्रवार केला असता, शनिवार केला असता, कोणाचं काय जात होतं? पण मी कपाशीच्या पऱ्हाटीवर फवारायच्या पंपाची रबरी नळी घेतली, बारीकशी, ती इंजिनाला वळसा घालून वरच्याच एका भोकात बसवली. मधे झोळ पडला. मला दिसला. चालते म्हणालो.

गुरुवारी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढली. तू स्वतः पाहिलंस, मी तुझ्या बाजूला बसून खिडकीतून हात काढून ओरडत होतो. वर पोचल्यावर तू नारळ फोडलास आणि पहिला तुकडा मला दिलास. माझ्या आयुष्यात तेवढा चांगला दिवस दुसरा नाही.

महिनाभराने तू गॅरेजमध्ये आलास. गाडी निळा धूर सोडून राह्यली, तेलही पिऊन राह्यली, जरा खोलून पाहता काय, म्हणालास. मी काय म्हणालो ते तुला आठवतं का? मला अक्षर न अक्षर आठवतं. "अबे, पहिलवानाले खुराक लागते, दे तेल, काऊन चिंगूसपणा करतं!" सगळे हसले, तूही हसलास. तेव्हाच मला कळलं होतं की नळीच्या झोळात तेल तुंबतंय आणि टर्बोमधून हवेच्या वाटेने इंजिनात जातंय. खोललं असतं तर माझ्याच चार माणसांत ती फवारणीची नळी बाहेर आली असती. म्हणून खोललं नाही. संत्र्याचा हंगाम सरला की गुपचूप बदलून टाकू, असं मनात ठरवलं.

आता एकोणीस नोव्हेंबर. सकाळी दहाची वेळ. तू भरल्या गाडीने घाट चढलास, पुढचा उतार लागला आणि ॲक्सिलेटरवरून पाय काढलास. इंजिनाचा वेग उतरायला पाहिजे होता, तो चढायला लागला. डिझेल इंजिन डिझेलवरच चालतं असं नाही रे, तेलही जाळतं. घाट चढताना साचलेलं तेल एकदम आत गेलं, इंजिन त्याच्यावर पळायला लागलं, आणि जितकं पळालं तितकं तेल आणखी ओढलं. तू ब्रेकवर उभा राहिलास. मग इंजिन बंद करायला स्टॉपर ओढलास, मुळापर्यंत. पण स्टॉपर फक्त डिझेल तोडतो. इंजिनाला डिझेलची गरजच उरली नव्हती. क्लच दाबला असतास तर इंजिन फुटलं असतं, पण गाडी ब्रेकने थांबली असती. तू दाबला नाहीस, कारण उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवायची, क्लचला पाय लावायचा नाही, हे तुला कोणी शिकवलं? मी शिकवलं. तू मिसरूड फुटायच्या आधीपासून तुझ्या पायाला छडी मारून शिकवलं. नाल्याच्या पुलाशी पुंडलिकरावांची कडब्याने भरलेली बैलबंडी होती. पुढचं मी लिहीत नाही.

तू दवाखान्यात होतास तेव्हा मी गाडीपाशी पोचलो, तपासणीचे साहेब यायच्या तासभर आधी. एक पोलीस राखणीला होता, माझ्या ओळखीचा, बिडी ओढत बसलेला. मी बॉनेट उघडलं, ती नळी काढून पिशवीत घातली, भोकाला बोल्ट मारला, हवेचा पाइप आतून फडक्याने पुसला. पाच मिनिटांचं काम. मग साहेब आले आणि म्हणाले, मिस्त्री, स्टॉपर तर बाहेर ओढलेला दिसतो, ड्रायव्हर खरं सांगत असेल काय? असं होतं काय कधी? मी म्हणालो, नाही साहेब, स्टॉपर ओढला की इंजिन बंद पडतंच, त्याने धडक झाल्यावर ओढला असेल. तेवढं एक वाक्य. पंचनाम्यात तेच लिहिलं गेलं आणि खाली माझी सही आहे. लोकांनी मग उरलेलं आपापलं जोडून घेतलं, म्हणजे दारू. तेराव्याला मी पुंडलिकरावांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोने, सुमित्राबाईंनी, मला हाताला धरून बसवलं, मी पंगतीत बसून जेवलो गुलाब, आणि त्या तुला तळतळाट देत होत्या तो मान खाली घालून ऐकला.

डिसेंबरात तुझं कार्ड आलं होतं. "भाऊजी, तुम्ही मिस्त्री आहा म्हणून इचारतो. स्टॉपर ओढल्यावरही इंजिन चालू राहू शकते काय? का मलेच भास झाला? खरं सांगजा." लोकांनी तुला खोटं ठरवलं तेव्हाही तू मलाच विचारलंस. मी ते कार्ड टायरखाली दडवलं आणि गप्प बसलो, आणि या तीन महिन्यांत तुझा तुझ्यावरचा विश्वास उडाला. माझ्या हातून पुंडलिकराव गेले त्याहून हे मला जास्त सलतं, खरंच सांगतो. तर आता उत्तर देतो. राहू शकतं. राहिलं होतं. तू शुद्धीत होतास, तुझा पाय ब्रेकवर होता, आणि धडक व्हायच्या आधी तू स्टॉपर ओढला होतास. हे मी रूपराव मिस्त्री लिहून देतो, खाली सही करतो, आणि हा कागद मंगळवारी तुझ्या वकिलाने कोर्टात ठेवावा म्हणूनच लिहिला आहे.

तू तो ठेवणार नाहीस हेही मला ठाऊक आहे. ताईचा संसार मोडेल म्हणून फाडून टाकशील आणि मुकाट्याने आत जाशील, तू तसलाच आहेस. म्हणून आज दुपारी, गहू निवडत होती तिथेच, लीलेला हे सगळं वाचून दाखवलं. तिने एवढंच विचारलं, "त्यानं आधी ओढला होता?" मी हो म्हणालो. सूप बाजूला ठेवून ती उठली, लुगडं बदललं आणि म्हणाली, पोस्टानं नको, मीच नेते. आता हे लिहितोय तेव्हा ती उंबऱ्याशी कागदासाठी हात पुढे करून उभी आहे. चारच्या बसने ती निघेल, आणि बस सुटली की मी नळी घेऊन ठाण्यात जाईन. तिला येताना काही खायला सुचायचं नाही, तेवढं पाहशील. पिशवीत तिने चार लुगडी भरली आहेत. किती दिवसांसाठी, ते विचारायचं माझं तोंड नाही.

भाऊजी म्हणायचं की नाही ते तू ठरव,
तुझाच,
रूपराव